पायरीवर काढलेला सूर

वेल्ह्याकडच्या एका मुलीला मी तिचा सूर चुकीचा काढून दिला. त्या सुरात ती अडीच वर्षं गात राहिली, आणि गाता गाता सगळ्यांची, अगदी तिची स्वतःचीही, खात्री पटली की हिला गळा नाही. गळा होता. असा होता की नुसता आठवला तरी आजही हातातलं काम थांबतं. बरं, चूक लक्षात आल्यावर तरी मी लगेच सांगितली का? नाही. पाच महिने गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझ्या धंद्याविषयी बरीच फुशारकी मारणार आहे. ती वाचताना हे लक्षात असू द्यावं.

धंदा बाजाच्या पेटीचा. भोरला स्टँडवरून बाजाराकडे जाताना तीन पायऱ्या चढून जावं लागतं असं माझं लहानसं दुकान आहे. वडील दारं-खिडक्या करायचे. मी पुण्यात एका कारखान्यात पेटीचं काम शिकलो आणि साठ-एकसष्ट सालच्या सुमारास गावी परत आलो. पेट्या करायच्या, विकायच्या, दुरुस्त करायच्या. लोक मला मास्तर म्हणतात. शाळेत मी कुणाला एक अक्षर शिकवलेलं नाही, पण सूर काढून देणारा तो मास्तर, असा इकडचा हिशोब.

गेल्या महिन्यात बँकेतले एक गृहस्थ आले. चाळिशी उलटलेली, आणि आता शिकायची हौस आलेली. म्हणाले, "मास्तर, पुण्यात विजेवरची पेटी आलीय म्हणे. भाता नाही, काही नाही. बटण दाबलं की झालं. नवशिक्यानं ती घ्यावी की तुमची ही?"

मी ती विजेवरची पेटी पाहिली आहे. पुण्यात एका ऑर्केस्ट्रात एकानं लावली होती, तर कार्यक्रम संपल्यावर मी सरळ स्टेजवर चढलो आणि त्या माणसाला इतकं विचारलं, इतकं विचारलं, की शेवटी तो म्हणाला, "काका, माझी बस जाईल." बोट टेकलं की सूर! डाव्या हाताला काही कामच नाही! परतीच्या गाडीत मी मांडीवरच बोटं चालवत होतो. पण बँकेच्या साहेबांना मी जे सांगितलं ते माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला सांगतो. यंत्र हवेचं असो की विजेचं, आधी दिसण्यावरून नजर काढा.

पेटीच्या तोंडाला खुंट्या असतात. बाहेर ओढल्या की आतली हवेची वाट उघडते. गिऱ्हाईक खुंट्या मोजतं. सातवाली चांगली, नऊवाली त्याहून चांगली. खरं म्हणजे स्वस्तातल्या पेटीच्या नऊ खुंट्यांपैकी पाच नुसत्या लाकडात ठोकलेल्या असतात. ओढल्या काय, न ओढल्या काय. किकवीचे एक बागायतदार आले होते, मुलीच्या रुखवतात ठेवायला पेटी पाहिजे म्हणून.

मी विचारलं, "मुलगी वाजवते का?"

"न्हाई हो. तिच्या जावेच्या रुखवतात शिवणयंत्र होतं. आपली पेटी पायजे. वाजली न्हाई तरी चालंल, पर लांबनं दिसली पायजे."

त्यांना मी अकरा खुंट्यांची दिली. आत आवाज देणाऱ्या पितळी जिभांची जेमतेम एक ओळ. लग्नात ती लाडवांच्या परातींमध्ये अशी काही झळकली म्हणतात, की व्याही उठून बघायला आले. दोन वर्षांनी तीच मुलगी माहेरपणाला आली आणि नवऱ्याला घेऊन दुकानात हजर! "मास्तर, ही नीट वाजती करून द्या. आमी शिकायला लागलोय." मला इतका आनंद झाला की अकरापैकी चार खुंट्यांना मी खरंच वाटा पाडून दिल्या.

तर खुंट्या सोडा. सगळ्या बंद करून भाता हलवा. हवा भरली की भाता पुढे जाईनासा झाला पाहिजे. हलतच राहिला तर हवा कुठून तरी पळते आहे. मग वरचं झाकण उघडायला लावा. दुकानदार कां-कूं करायला लागला तर पुढच्या दुकानात जा. आत पितळेच्या जिभा दिसतील, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. जिभेवर कानशीच्या खूप रेघा असतील तर ती पुन्हा पुन्हा घासून जुळवलेली आहे आणि लवकरच तुटणार आहे. खेड्यातल्या नवशिक्यानं दोन ओळी फालतू सुरांपेक्षा एक ओळ चांगल्या सुरांची घ्यावी. आवाज थोडा कमी, पण कान खराब होत नाही.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी लोक माझ्याकडे वेल्ह्यापासून यायचे. आपला सा ओळखा. प्रत्येकाच्या गळ्याला एक घर असतं, जिथून गाणं सुरू केलं तर खालीही उतरता येतं आणि वरही चढता येतं. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. साधारण पुरुषाचं घर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, नाहीतर काळी दोन, बाईचं काळी चार नाहीतर पाच. नवशिका एकाच घरातून बोटं बसवतो. घर बदललं की सगळी बोटं नव्यानं शिकावी लागतात. म्हणून ते पहिल्याच दिवशी बरोबर काढावं लागतं. मी गिऱ्हाइकाला समोर चटईवर बसवायचो, पाणी द्यायचो, घरदार विचारायचो, आणि माणूस सैल झाला की म्हणायचो, "आता एक आ काढा." मग त्या पट्टीवर लाखेचा लाल ठिपका लावून द्यायचो. लोक म्हणत, मास्तरांचा ठिपका चुकत नाही. मीही म्हणत असे.

भातं झोडून झाली की आमचा हंगाम. वेल्ह्याकडची ती मुलगी आली त्या दिवशी उत्रोलीचं भजनी मंडळ आलं होतं. आठ जण, आठ मतं.

"मास्तर, पेटी अशी द्या, की नदीच्या पल्याड ऐकू गेली पायजे."

"पल्याड कोण बसलंय ऐकायला?"

"कुणी न्हाई. पर तिकडच्या मंडळानं मागच्या साली नवी पेटी आणली, तवापासनं लई ताठ चालत्यात. त्यांची मान जरा खाली आणायचीय."

मी खूश होऊन एकामागून एक पेट्या काढत होतो. चहा आला, कुठली पेटी मोठ्यानं बोलते यावरून वाद झाला, हसणं-खिदळणं चाललं होतं. कोपऱ्यात इब्राहिमभाई भात्याचं कापड चिकटवत बसले होते. भोरचेच. भाते त्यांच्यासारखे कुणी बांधत नाही, आणि बोलायचे इतकं कमी की गिऱ्हाइकांना ते मुके वाटत.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, "जय भीम, मास्तर."

खालच्या पायरीवर पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला मुंडासं, आणि त्याच्यामागे नुकतीच साडी नेसायला लागलेली मुलगी. माणसाचं नाव गेनूबाबा. वेल्ह्याच्या रस्त्यावर मैलकुली म्हणून काम करायचे, खड्डे भरायचे. त्यांच्या वाडीतल्या बौद्ध मंडळींनी गायन पार्टी काढली होती. ढोलकी होती, टाळ होते, पेटी नव्हती. सगळ्यांनी मिळून पेटी घ्यायची ठरवली, आणि वाजवायला शिकणार होती गेनूबाबांची ही मुलगी, कमल. सातवी पास. वाडीत तिचीच बोटं चपळ, असं ते सांगत होते. आणि नुसती वाजवणार नव्हती, गाणारही होती. आमच्या भागात तोवर पार्टीत बाई गात नसे. गेनूबाबा हे सांगताना मागे वळून पुन्हा पुन्हा मुलीकडे बघत होते.

मी "बोला" म्हणालो. "या, बसा" म्हणालो नाही.

मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मनात काही वाईट होतं असंही नाही. हात चालतो तसं ते झालं, आणि तेच मला जास्त लागतं. आत गर्दी आहे असं मी स्वतःला समजावलं. पण पंधरा मिनिटांत उत्रोलीकरांपैकी निम्मे चटईवरून उठून फळकुटांना टेकून उभे राहिले. चटई मोकळी झाली. गेनूबाबा आणि कमल पायरीवरच होते.

मी एक ओळीची चांगली पेटी काढली. खोटं बोलत नाही, पेटी खरोखर चांगली होती, किंमतही वाजवी. ती मांडीवर घेतली आणि तिथूनच, सहा हातांवरून म्हणालो, "हं, बाळ, आ काढ."

मागे बाजाराचा रस्ता, समोर नऊ-दहा पुरुष. तिनं पदर तोंडाशी धरला आणि काहीतरी पुटपुटली.

उत्रोलीकरांतला एक जण म्हणाला, "अगं, भाकर खाऊन न्हाई आलीस व्हय? मोठ्यानं म्हण की!" सगळे हसले. मीही हसलो.

ती आणखी खाली पुटपुटली. मी काळी दोन दाबली. जवळपास जमल्यासारखं वाटलं. मग गेनूबाबांना म्हटलं, तुम्ही म्हणा. त्यांनी खणखणीत आ काढला, तो नेमका काळी दोन. "छान झालं," मी म्हणालो, "बापलेकीचं एकच घर. पार्टीला बरं पडेल." बाईचा आवाज आणि काळी दोन? कारखान्यात पहिल्याच वर्षी हे शिकवतात की असं सहसा नसतं, पुन्हा बघा. मी पुन्हा बघितलं नाही. ठिपका लावला, पेटी बांधली आणि पायरीवर नेऊन त्यांच्या हातात दिली.

पावसाळा संपला की मी दरवर्षी हत्यारांची पिशवी घेऊन नसरापूरवरून एस.टी.नं वेल्ह्याकडे फेरी करत असे. तोरण्याखालचा तो पाऊस पेटीला सोसत नाही. चार महिन्यांत पट्ट्या फुगतात, दाबलेली वर येत नाही, आतलं चामडं झुरळं खातात. घरोघर पेट्या वाट बघत असतात. ही फेरी म्हणजे माझा सण. नाचणीची भाकरी, नवा तांदूळ, आणि दिवसभर कानात सूर.

पेटी नेल्याच्या तिसऱ्या वर्षी गेनूबाबांच्या वाडीवरून बोलावणं आलं. घरच्यांनी मला आत नेऊन नव्या घोंगडीवर बसवलं. गेनूबाबा पलीकडच्या खाचरात होते. कमलचा चुलतभाऊ यशवंत, पार्टीचा ढोलकीवाला आणि पुढारी, माझ्याशेजारी बसला. बोलका गडी.

"पेटी झ्याक वाजवती आमची कमळी," तो म्हणाला. "आसपासच्या चार पार्ट्यांत अशी बोटं न्हाईत."

"आणि गाणं?"

यशवंतनं मान हलवली. "गळा न्हाई हो तिला. वर चढली की एकदम लागतो, खाली आली की कुठं जातो कळत न्हाई. मधीच हाय, मधीच न्हाई. लोकं हसाय लागली, मग मागं झील धराय, ओळ उचलाय बसवली. तुमीच सूर काढून दिला हुता, म्हंजी सुरात तर चूक न्हाई."

कमल चहा घेऊन आली होती. तिनं हे ऐकलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. जुनी गोष्ट असल्यासारखी कप ठेवून ती बाहेर गेली, आणि अंगणाच्या कडेला उभी राहून खाचराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "आबाऽऽ! मास्तर आल्यातऽऽ!"

मी पट्टीखालचा खिळा काढत होतो. हात थांबला.

ती हाक सरळ, गोल, अजिबात न थरथरता पूर्ण शिवार ओलांडून गेली. खाचरातून गेनूबाबांनी हात वर केला. माझ्या बोटांनी माझ्या आधी ती पट्टी शोधली होती. वरच्या सप्तकातली काळी पाच. नेमकी. हिचं घर काळी पाच! मी तिला काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या खाली पुरलं होतं. गाणं वर गेलं की ती तिच्या खऱ्या घराजवळ पोचायची, म्हणून तिथं आवाज लागायचा. खाली आलं की पुरुषांच्या तळघरात.

आणि एवढं सगळं कळून मी काय केलं? पट्ट्या घासल्या, चामडं बदललं, पोटभर जेवलो आणि दुपारची गाडी पकडली. मास्तरांचा ठिपका चुकला असं आपल्याच तोंडानं चार माणसांत सांगायचं, ते जमलं नाही. गाडीत ठरवलं, पत्र लिहू. पत्र लिहिलं नाही.

फाल्गुन संपता संपता यशवंत ढोलकीला नवं चामडं चढवायला भोरला आला. जयंतीच्या तयारीनं नुसता फुलला होता.

"औंदा वेल्ह्यात मोठा कार्यक्रम हाय, मास्तर! बाहेरनं पार्ट्या येणार. आमी नवी गाणी बसवल्यात." मग जरा थांबून म्हणाला, "तेवढी कमळी आडून बसलीय. पेटी बी सोडते म्हणती. गाता येत न्हाई तर नुसती लाकडं काय दाबत बसू, म्हणती. ही जयंती झाली की बंद."

तो गेला. मी कानस हातात घेऊन तसाच बसलो. कोपऱ्यातून इब्राहिमभाई बोलले, आणि ते आपणहून बोलत नसत.

"ती पायरीवरची पोरगी ना?"

"हो. सूर काढताना माझा कान चुकला, भाई."

भाईंनी भात्यावरची नजर काढली नाही. "कान न्हाई चुकला तुमचा. मी हितंच बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं वेल्ह्याला गेलो. वाडीवर तालमीला सगळे जमले होते. मी धापा टाकतच म्हणालो, "कमल, तुझा सूर मी चुकीचा काढून दिला. काळी दोन तुझी नव्हेच. मला आज एकदा नीट बघू दे."

कमल माझ्याकडे बघत राहिली.

"काय करू?" तिनं विचारलं.

"काही नको. बाहेर उभी राहा आणि आबांना हाक मार."

"आबा हितंच तर बसल्यात."

"असू दे. ते पल्याड आहेत असं समज."

तिला हसू आलं. हसतच तिनं हाक मारली, मी काळी पाच धरली आणि ओरडलो, "तिथंच थांब! तिथनंच गाणं म्हण, खालच्या सप्तकात, हे बघ, इथून!" मी पेटीवर त्यांच्याच गाण्याची चाल धरली. पहिली ओळ तिनं घाबरत म्हटली. दुसरीत आवाज उघडला. कसा सांगू? कोंदट खोलीची खिडकी कुणी उघडावी तसं झालं. यशवंतचा हात ढोलकीवरच राहिला. चुलीपुढून तिची आई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. कमल कडवं संपल्यावर थांबेना, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली, मग तिसऱ्यांदा, आणि दर वेळी वर जाताना हसायची, जणू पुढची पायवाट आहे की नाही ते बघायला निघालीय आणि ती आहेच!

"आयला," यशवंत म्हणाला, "हे कुठं हुतं गं इतकी वर्सं?"

मग तिनं पेटी ओढली आणि स्वतः वाजवून गायला बसली. बोटं अडखळली. अडीच वर्षं काळी दोनवर बसलेली बोटं काळी पाचवर परकी होती. जयंतीला तीन आठवडे उरले होते. दिवाळीत सांगितलं असतं तर पाच महिने मिळाले असते. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि हात मागे घेतले.

"तू हात बदलू नकोस," मी म्हणालो. "मी पेटी बदलतो."

निघताना तिनं विचारलं, "मास्तर, मग तवाच कसं न्हाई कळलं?"

गाडीत, वाटेत, शंभरदा घोकलेलं खरं उत्तर जिभेवर होतं. मी म्हणालो, "बाजाराचा गोंगाट होता गं. आणि त्या पेटीचा भाता जरा गळका होता."

गेनूबाबा दाराशी उभे होते. भाता गळका नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

पुढचे पंधरा दिवस मी जसं काम केलं तसं आधी केलं नव्हतं, नंतरही नाही. युक्ती अशी. पेटी छोटी, एक ओळीची, स्वतःसाठी जपून ठेवलेल्या जर्मन सुरांची. त्यातला प्रत्येक सूर सात पट्ट्या अलीकडे सरकवायचा. म्हणजे कमलनं बोट ठेवायचं सवयीच्या काळी दोनवर, आणि आतून बोलायची काळी पाच. पार्टीच्या पुरुषांसाठी जुनी पेटी होतीच. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक सुराची लांबी वेगळी, त्याखालचं भोक वेगळं. काही बुजवायची, काही कोरायची, वरचे सात सूर नवे घालायचे. रंध्याच्या भुशात मी डोक्यापर्यंत माखलो होतो. इब्राहिमभाईंनी भाता बांधला तो असा, की खुंट्या बंद करून दाबला तर भिंत दाबल्यासारखा. सगळं बसल्यावर मी काळी दोन दाबली, काळी पाच बोलली, आणि आम्ही दोघं म्हातारपणाकडे झुकलेले पुरुष लहान पोरांसारखे एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागलो. समोरचा शिंपी बघायला आला, कुणाचं लग्न ठरलं म्हणून.

पेटीची किंमत देण्यावरून पार्टी अडून बसली. शेवटी यशवंतनं तोडगा काढला. दुरुस्तीत दिली असं समजायचं, चूक दुकानाची होती.

जयंतीच्या दिवशी वेल्ह्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाजाराच्या मोकळ्या जागेत मांडव, निळ्या पताका, बॅटरीवरचा कर्णा. ऊन कलल्यावर गाणी सुरू झाली. बाहेरच्या दोन पार्ट्या जबरदस्त गाऊन गेल्या. मग ही मंडळी चढली. कमल मध्ये बसली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "बाई गाणार व्हय?" तिनं ऐकलं, भाता उघडला आणि काळी दोनवर बोट ठेवलं.

पहिल्या सुरालाच मांडव शांत झाला. दुसऱ्या कडव्याला माणसं उभी राहिली. लहान लेकरं घेऊन कडेला बसलेल्या बाया सरकत सरकत पार स्टेजपर्यंत आल्या. तिनं तीन गाणी म्हटली, चौथ्यासाठी लोक सोडेनात. मी खांबाला धरून उभा होतो, आणि प्रत्येक सूर माझ्या हातांना कळत होता, हा मी सरकवलेला, हा नवा घातलेला. मला वाटत होतं मी उडणार.

गाणं संपलं आणि यशवंतनं कर्णा हातात घेतला. "ज्यांनी आमच्या कमळीचा गळा उघडला, ते भोरचे पेटीवाले मास्तर हितं आल्यात. त्यांनी वर यावं!" टाळ्या. लोकांनी मला अक्षरशः ढकलत वर नेलं. गेनूबाबांच्या हातात झेंडूचा हार होता. ते माझ्याकडे सरळ बघत होते. रागानं नाही. वाट बघत असल्यासारखे.

त्यांनी हार वर केला, तेव्हा मी त्यांचे हात धरले.

"थांबा, गेनूबाबा," मी म्हणालो. कर्णा यशवंतच्या हातातच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग मी तो मागून घेतला. आता थांबायचं नव्हतं.

"मी गळा उघडला नाही, मी तो बंद केला होता. कमल, मी तुला सांगितलं की पेटीचा भाता गळका होता. ते खोटं होतं. पेटीत काही दोष नव्हता, कानातही नव्हता. त्या दिवशी माझ्या दुकानात आठ माणसं चटईवर बसून चहा पीत होती, आणि तुला आणि आबांना मी पायरीवर उभं ठेवलं. चटई मोकळी झाली तरी आत या म्हणालो नाही. पाणी विचारलं नाही. भर रस्त्यात उभी करून तुला गायला लावलं, लोक हसले, त्यांच्यात मीही हसलो. कुठलंही माणूस तिथं पुटपुटलंच असतं. उत्रोलीकरांना मी असं केलं नसतं, कुणालाच केलं नसतं, तुम्हालाच केलं. आणि चूक कळल्यावर पाच महिने तोंड लपवून बसलो. गेनूबाबा, कमल, माझं चुकलं. मला माफ करा असं म्हणायचा हक्क आहे की नाही मला माहीत नाही, तरी म्हणतो. मला माफ करा."